शीड उतरवलेली गाडी

मावशीच्या घराची आणि शाळेची मधली भिंत एकच होती. भिंत कसली, कारवीच्या काठ्यांचा कुड आणि त्यावर शेणमातीचा लेप. पलीकडे शाळा, अलीकडे आमची चूल. सकाळी पलीकडून पाढे सुरू झाले की अलीकडे मावशीच्या जात्याला त्यांची लय लागायची. तेराच्या पाढ्याला मुलं अडखळली की जातंही अडखळायचं आणि मावशी स्वतःशीच हसायची. दुपारी पाट्या पुसल्याचा वास कुडातून आमच्याकडे यायचा आणि आमच्या सुकटीचा वास तिकडे जायचा. माझ्या वडिलांनी बंदरावरून पाठवलेली ती सुकट मावशी नेमकी शाळा भरलेली असताना भाजायची. पलीकडचे पाढे मग एकदम थांबायचे आणि काकांचा आवाज यायचा, "अहो, निदान बेरजा होईस्तो तरी थांबा!"

हे गाव जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर होतं. गाव म्हणजे माळावर लांब लांब विखुरलेले पाडे, मध्ये नागलीची वरकस, हलकी जमीन, आणि या सगळ्यांना मिळून जव्हार संस्थानाने घातलेली एक शाळा. मावशीचे यजमान तिथे एकटे मास्तर. त्यांना मी काका म्हणत असे. राहायला शाळेच्याच छपराखाली दोन खण मिळाले होते. मास्तरकी आहे तोवर छप्पर आहे आणि ती गेली तर त्याच दिवशी चूल उचलायची, हे मला कुणी समजावलं नव्हतं. पण पाहुणी म्हणून आलेल्या मुलीला अशा गोष्टी आपोआप कळतात. मी तर साधी पाहुणीही नव्हते. आमचं घर खाली दक्षिणेला, हर्णैच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. आई गेली, घरात नवी आई आली, मग धाकटी भावंडं आली, आणि माझी तिसरीची परीक्षा झाल्यावर शाळेचं नाव कुणी काढेना. वडील बंदरावर मालाच्या नोंदी लिहीत. एक दिवस त्यांनी मला आगबोटीत बसवलं, मग रेल्वेत, मग बैलगाडीत, आणि मावशीच्या दारात उतरवून म्हणाले, "थोडी हवा पालटेल हिची." हवा पालटायला आलेल्या मुलीने परत कधी जायचं, ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मी अर्धीच भाकरी खायचे. मावशीने हे पहिल्याच आठवड्यात पकडलं. नागलीची काळसर, तव्यावरून नुकती उतरलेली भाकरी, उडदाची आमटी आणि चिमूटभर सुकट, असं ताट पुढे सरकवून ती म्हणाली, "कुशे, पोटाला विचारून जेव. माझ्या तोंडाकडे बघून जेवू नको." त्या दिवशी मी दीड भाकरी खाल्ली आणि नंतर मागच्या दारी जाऊन रडले. इतक्या वर्षांनी मी हे लिहायला बसले त्यात त्या दीड भाकरीचा वाटा मोठा आहे. उपकाराचं ओझं वाटतं म्हणतात लोक. मला कधी ओझं वाटलं नाही. मला भीती वाटायची, की हे सगळं माझ्याच हातून सांडेल.

काकांना हिवताप होता. दिसाआड यायचा, ठरल्या वेळेला, जणू हजेरी द्यायला. दुपारच्या आधी नखं निळी पडायची, मग दात वाजायला लागायचे, आणि कुडापलीकडच्या मुलांनाही तो आवाज ऐकू जायचा. कोयनेलची कडू पूड घेऊन ते गोधडीत शिरत. मोठी मुलं पुस्तकातला धडा पाटीवर उतरवत बसत. प्रश्न बिगारीच्या वर्गाचा होता. ही अगदी लहान पोरं, अक्षरओळखही नसलेली. पुस्तकातली मराठी त्यांच्या घरची नव्हती. कंटाळा आला की ती उठून चालू लागत. पळून जायची नाहीत, सावकाश उठत आणि बैलांमागे जावं तशी निघून जात. वर्ग रिकामा दिसला तर शाळा बंद होईल, ही काकांची धास्ती. एका तापाच्या दिवशी त्यांनी गोधडीतून मला हाक मारली. "कुसुम, जरा बस गं त्यांच्यापुढे. गमभन येतंच तुला. नुसती बस, म्हणजे उठायची नाहीत." असा बिगारीचा वर्ग माझ्याकडे आला. तिसरी शिकलेली मुलगी संस्थानच्या शाळेत शिकवते हे जव्हारला कळलं असतं तर काय झालं असतं, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. आम्ही दोघं त्याविषयी कधी बोललो नाही.

गमभन त्यांना आवडला नाही. मी 'ग' काढायला पाठ फिरवली की मागे एक जण कमी झालेला असायचा. एकदा गलबताचा 'ग' शिकवताना मी फळ्यावर गलबत काढलं. शीड, डोलकाठी, सुकाणू, सगळं आमच्या बंदरातल्यासारखं. पोरं पुढे सरकली. सोमी नावाची एक काळीसावळी मुलगी होती, समोरचे दोन दात पडलेले. तिने विचारलं, "बाय, ह्या काय हाय?" मी म्हटलं, होडी. "कठं जाते?" समुद्रात. "समुद्र म्हंजे?" इथे मी अडले. जन्मापासून ज्याच्या काठी वाढले ते या पोरांना कसं सांगावं? पावसात भातखाचरं तुडुंब भरतात, तसं एक खाचर, त्याला बांधच नाही, असं काहीतरी मी सांगितलं. "बांध नाय, तं पानी वाहून जात नाय?" लहान्या म्हणाला. तो सोमीचा भाऊ, तिच्याहून थोडा मोठा आणि प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा. मी म्हटलं, जातं की. दिवसातून दोनदा जातं आणि दोनदा परत येतं. भरती आणि ओहोटी. पोरं एकमेकांकडे बघून खो खो हसली. पाणी परत येतं ही त्यांनी ऐकलेली सगळ्यात मोठी थाप होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थाप ठरू नये म्हणून मी घाईघाईने पुढचं सांगितलं, की समुद्रावर चाचे असतात.

चाचे म्हटल्यावर हसू थांबलं. चाचे म्हणजे समुद्रावरचे लुटारू, बेटाआड दबा धरून बसतात आणि व्यापाऱ्यांची गलबतं अडवतात. माझ्या लहानपणी खरे चाचे कुठले, ते कधीच संपले होते. पण आमच्याकडे मुलं जेवेनात की चाच्यांची भीती घालत, आणि वडील कंदिलाची काच पुसता पुसता त्यांच्या हकिकती सांगत. त्यातलं खरं किती आणि वडिलांचं किती, मला आजही माहीत नाही. मी सांगत गेले. चाचे आधी माणसांना हात लावत नाहीत, आधी शीड उतरवतात. शीड उतरलं की गलबत जागचं हलत नाही, मग भांडायची गरजच उरत नाही. लुटीचे वाटे सारखे होतात. म्होरक्याचं नाव कुणी सांगायचं नाही, मारलं तरी नाही, आणि कुणी विचारत असेल तर म्होरक्याकडे बघायचंसुद्धा नाही. जो नाव सांगेल त्याला समुद्रातल्या खडकावर उतरवून निघून जायचं. सोबत तांब्याभर पाणी आणि एक भाकरी. सांगून झाल्यावर मी मान वर केली. एकही पोर उठून गेलेलं नव्हतं. कुडापलीकडून काकांचा, तापाने जड झालेला आवाज आला, "कुसुम! दरोडे शिकवत्येस का गं?"

 मी आत धावले, तर काका गोधडीत हसत होते. "किती बसलीत?" "सगळी." "मग शिकव," ते म्हणाले आणि कूस वळवून पुन्हा कुडकुडायला लागले.

त्यानंतर रोज चाचे. 'च' चाच्यांचा, 'ख' खडकाचा, 'भ' भरतीचा. मग वर्गामागच्या मोठ्या कातळावर खेळ सुरू झाला. पहिल्याच दिवशी मला धक्का बसला, कारण व्यापारी व्हायला कुणी तयार होईना. "शेठ कोन होल?" म्हटलं की सगळी गप्प. मी म्हटलं, अरे, चाचे वाईट असतात, शेठ बिचारा. लहान्याने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी दया आली. शेवटी रोज मीच शेठ व्हायचे आणि रोज लुटली जायचे. वाटे करताना त्यांनी माझ्या चाच्यांना आपले नियमही जोडले. त्यांच्याकडे शिकारीला गेलेली माणसं परत आली की वाटे होतात. एक वाटा घरी आजारी पडलेल्याचा, एक कुत्र्याचा, आणि वाटे होताना जो तिथे उभा असेल त्याचाही एक, मग तो कुणी का असेना. मी म्हटलं, चाच्यांकडे कुत्रा नसतो. सोमी म्हणाली, "मंग त्यांना येनारा-जानारा कलतो कसा?"  तेव्हापासून आमच्या गलबतावर कुत्रा आला.

मग शिमगा आला. रानात मोहाची फुलं पडायला लागली होती आणि सगळ्या माळावर त्यांचा गोड, जरासा आंबलेला वास भरून राहिला होता. पाड्यापाड्यांवरून ढोल ऐकू यायचे. शिमग्याचे दिवस म्हणजे शाळेला कोण येतंय! पोरं वाटेवर. तिकडची रीत अशी, की होळी पेटल्यापासून पोरंबाळं, बायका वाटेवर दोर आडवा धरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून फाग मागतात. कुणी पैसा देतं, कुणी मूठभर दाणे, कुणी गूळ. दिलं की दोर खाली. आमच्याकडेही शिमग्याला पोस्त मागतात, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटायला हवं होतं. चाचे शिकलेल्या पोरांच्या हातात दोर गेला होता, आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या दुपारी काकांच्या तापाची पाळी होती. मी ओसरीवर मोहाची फुलं वाळत घालत होते. वाटेवरून दोन माणसं पायी येताना दिसली. पुढचे गृहस्थ कोट-पागोट्यातले, धुळीने माखलेले, एका हातात छत्री. मागे कमरेला पट्टा बांधलेला शिपाई, डोक्यावर ट्रंक. पट्टा पाहून मी ओळखलं. संस्थानचे शाळातपासनीस. त्यांना सगळे दिपोटीसाहेब म्हणत. शिमग्यात ते कधी फिरतीवर निघत नसत. नेमके म्हणूनच या वेळी निघाले होते.

"मास्तर कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत आतून काकांचे दात वाजलेले ऐकू आले. साहेबांनी कपाळ पुसलं. "मुलं कुठे आहेत? आणि या गावात चोर किती आहेत? ओढ्यावर जरा बैल सोडले, झाडाखाली पाठ टेकली, उठून बघतो तर बैल नाहीत! गाडी तिथे तशीच उभी. सामान आहे तसं, पाण्याचा तांब्यासुद्धा हललेला नाही. नुसते बैल नेले. कसले चोर म्हणायचे हे?"

आधी शीड उतरवायचं. माझ्या डोक्यात ते वाक्य माझ्याच आवाजात वाजलं. मी फुलांपाशी बसल्याबसल्या हबकून गेले. काय झालंय हे त्या अंगणात फक्त मला कळलं होतं. आणि तेवढ्यात कातळाच्या बाजूने आरोळी आली, "शीड उतरला! शीड आनला!" सगळा बिगारीचा वर्ग आला. पुढे लहान्या, मागे सोमी, त्यांच्या मधोमध दोन पांढरे, शिंगांना गोंडे बांधलेले सरकारी बैल. बैल त्या चिमुरड्यांच्या मागे इतके शहाण्यासारखे चालत होते की बघत राहावं. साहेब दिसले आणि आरोळी तिथेच थांबली.

"कोणी सांगितलं तुम्हाला बैल न्यायला?" साहेबांनी विचारलं. कुणी बोलेना. "तुझं नाव काय?" लहान्या गप्प. "मुकी आहेत का ही? अरे, कुणाच्या सांगण्यावरून केलंत?" कुणी हललं नाही. शिपायाने कुडाची एक कारवी मोडून घेतली. साहेब नको म्हणाले नाहीत. लहान्याने स्वतःच हात पुढे केला. कारवी सपकन वाजली. एकदा, मग पुन्हा. त्याचा ओठ थरथरला, पण तोंडून शब्द नाही. मग शिपाई सोमीकडे वळला आणि तिनेही हात पुढे केला, पडलेल्या दातांच्या फटीत जीभ घट्ट दाबून. तेव्हा मला दिसलं की एकही पोर माझ्याकडे बघत नव्हतं. सगळी कुठेतरी भलतीकडे बघत होती. कुणी बैलाच्या खुराकडे, कुणी छपराकडे, कुणी उन्हात. मी त्यांना शिकवलं होतं, विचारणारा असेल तेव्हा म्होरक्याकडे बघायचंही नाही.

आयुष्यात मी पुष्कळ गोष्टींनी हादरले आहे. पण ती वळवलेली इवली तोंडं आठवली की आजही हातातलं काम थांबतं. गमभन त्यांना धड येत नव्हता. एवढं मात्र पक्कं आलं होतं. मी बोलले तर काकांचं छप्पर जात होतं. दीड भाकरी वाढणाऱ्या मावशीची चूल माझ्या एका शब्दाने उघड्यावर येत होती. आणि मी नाही बोलले तर सोमीच्या तळव्यावर कारवी पडत होती. मी विचार करून ठरवलं असं म्हणणार नाही. कारवी वर गेलेली दिसली आणि मी ओरडले, "मी! मी सांगितलं! मी शिकवते त्यांना!"

सोमीने मान झटकन वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात सुटका नव्हती. ती अवाक झाली होती.

"तू कोण?" साहेब म्हणाले. मी सांगितलं. "किती शिकलीस?" तिसरी. "तिसरी!" ते ओसरीच्या कडेला बसलेच. "तिसरी शिकलेली पोरगी संस्थानच्या शाळेत वर्ग घेते. आणि शिकवते काय? तर बैल पळवायला!" तोवर काका गोधडी लपेटून, भिंतीला धरत दारात आले होते. थंडीने त्यांचा चेहरा करडा पडला होता. "साहेब, तिचा दोष नाही. मीच बसवली तिला," एवढंच ते म्हणाले. साहेब उठले. "मास्तर, चार्ज द्यायची तयारी ठेवा."

झालं. जे सांडायचं ते सांडलं होतं. मी मावशीकडे पाहू शकले नाही. पण मावशी माझ्याकडे बघतच नव्हती. ती पदर खोचून पायरीवर उभी राहिली होती आणि बैल शोधून वाटेवरून पाय ओढत येणाऱ्या साहेबांच्या गाडीवानाकडे बघत होती. गाडीवान तिथलाच, मोखाड्याच्या बाजूचा माणूस. "का रे भाऊ," मावशीने विचारलं, "पोरांनी वाटेत दोर धरला होता का?"

"धरला व्हता, बाई."

"मग? फाग दिला?"

गाडीवानाने साहेबांकडे पाहिलं, मग शिपायाकडे, मग आपल्या पायांकडे. "मी म्हनलं, साहेब, मूठभर काय तरी टाका. शिपाई म्हनला, सरकारी गाडी हाय. दोर वढून फेकला अन् म्हनला हाक."

"अगंबाई," मावशी म्हणाली. आवाज अगदी मऊ, जशी काय ती कुणाच्या आजाराची चौकशी करत होती. "साहेब, मी अडाणी बाई. पण बैल चोरीला गेलेले नाहीत हो. फागाला अडकलेत."

"सरकारी गाडीला फाग?" साहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज मघापेक्षा खाली आला होता.

"म्हाराजांची गाडी पन थांबते, साहेब," गाडीवान म्हणाला. "हसत देतात अन् मंग जातात. तुमी कागद लिहाल. पन जव्हारात मला इचारतील, बैल का नेलं? तं मी काय सांगू?"

 लांब कुठेतरी ढोल वाजत होता. साहेबांनी पागोटं काढलं, परत घातलं. मग शिपायाला खूण केली आणि ट्रंक उघडून घेतली. कपड्यांच्या घडीखालून त्यांनी एक पुडा काढला. साखरेच्या गाठींच्या माळा होत्या, जव्हारच्या बाजारातल्या, बहुधा घरच्या मुलांसाठी घेतलेल्या. त्यांनी त्या क्षणभर हातात धरल्या आणि लहान्यापुढे केल्या. "घे. हा फाग."

लहान्याने साहेबांना निरखत आपल्या बोलीत विचारलं, "मंघाशीच का नाय दिलास तू?" तिकडच्या घरच्या बोलीत राजालाही 'तू'च म्हणतात. शिपायाचं तोंड उघडं पडलं. साहेबांनी मात्र वाकून ट्रंकेचं झाकण लावलं.

पोरं तिथेच अंगणात फतकल मारून बसली. दगडाने गाठी फोडल्या आणि वाटे लावायला सुरुवात झाली. सारखे, अगदी मोजून-मापून. एक वाटा गोधडीतल्या काकांचा, आजाऱ्याचा म्हणून. एक कुत्र्याचा. मग जे जे तिथे उभे होते त्यांचे. लहान्याने साखरेचा खडा साहेबांच्या हातावर ठेवला. साहेब तो हातात घेऊन तसेच उभे राहिले. मग गाडीवानाला, मग मावशीला. मग तो शिपायापुढे गेला आणि मार खाल्लेला, लाल झालेला हात त्याने पुढे केला. त्या हातावर साखर होती. शिपायाने ती घेतली, पण त्याला मान वर करता येईना. मी माझा हात पुढे केलाच होता. लहान्या माझ्या अंगावरून पुढे गेला. माझा वाटा लावलेलाच नव्हता.

का, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला. मी नाव सांगितलं होतं. माझंच असलं म्हणून काय झालं, म्होरक्याचं नाव सांगितलं होतं. ज्या शब्दाने मी त्यांना वाचवलं असं मला वाटत होतं, तो त्यांच्या हिशेबी दगा होता. पोरं मार सोसत उभी होती आणि मी फुटले होते.

बैल जुंपायला सगळे ओढ्याकडे गेले. काका तापातच, काठी टेकत, साहेबांना पोचवायला गेले. मावशीने मला ताट वाढलं. "जेव." मी म्हटलं, मावशी, आता आपण कुठे जायचं? ती म्हणाली, "आधी जेव. जायचं तर पोटभर खाऊन जाऊ." मी भाकरीचा तुकडा मोडून ताटातच ठेवला. इतक्यात दारात सावल्या पडल्या. बिगारीचा वर्ग उभा होता. सोमीच्या हातात पाण्याचा तांब्या, लहान्याच्या हातात पानात गुंडाळलेली भाकरी. "बाय, चल," सोमी म्हणाली. "खडकावर."

मावशीने एकदा पोरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "शिकवलंस ना तूच?" ती म्हणाली. "मग जा."

शाळेमागच्या कातळावर त्यांनी मला चढवलं, तांब्या आणि भाकरी शेजारी ठेवली आणि खाली उतरून लांब जाऊन बसली. कुणी चिडवलं नाही, कुणी हसलं नाही. खेळात हसायची ती सगळी. मला त्याचीच धास्ती वाटली. ऊन कलायला लागलं होतं, कातळ बुडाखाली तापलेला होता, आणि समोर तो माळ, कडेपर्यंत कोरडा, करडा. माझं गाठोडं कधी बांधून होईल, वडिलांना काय कळवायचं, मावशी कुणाच्या दारात उभी राहील, हेच मी घोकत होते. मग काठीचा आवाज आला. काका ओढ्यावरून परत येत होते. ते सरळ माझ्याकडे यायला लागले तशी पोरं एकदम ओरडली, "मास्तर! पानी हाय!"

काका थांबले. त्यांनी खाली पाहिलं. कोरडा माळ. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, धोतराचा सोगा जरासा वर उचलला आणि होते तिथेच, काठावर उभे राहून मला हाक मारली, "कुसुम, ऐकू येतंय का?"

"येतंय."

"गाडीत बसताना साहेब म्हणाले, मास्तर, मी आज तुमच्या शाळेत आलोच नव्हतो." काकांचा आवाज तापाने कापत होता की हसण्याने, कळत नव्हतं. "फाग नाकारला हे कुठल्या तोंडाने लिहितील! म्हणाले, पुढच्या खेपेला येईन तेव्हा वर्गात मुलगी दिसता कामा नये."

 सुटकेचाही धक्काच बसतो, हे त्या दिवशी कळलं. पुढे साहेब येणार अशी कुणकुण लागली की मी चुलीपाशी जाऊन बसायचे आणि ते गेले की पुन्हा फळ्यापाशी. असा बिगारीचा वर्ग मी पुढे माझं लग्न होईपर्यंत घेतला. पण हे नंतरचं. त्या वेळी काका वहाणा हातात घेऊन घराकडे गेले आणि मी खडकावर राहिले. छप्पर वाचलं होतं, चूल वाचली होती. तरी मला उतरता येईना. उतरवणं काकांच्या हातात नव्हतं.

मी भाकरी खाल्ली. पोटाला विचारून खाल्ली, सगळी. सूर्य माळाच्या कडेला टेकला. ज्या बाजूला समुद्र आहे असं मी त्यांना रोज सांगायचे, त्याच बाजूला. पोरांच्यात काहीतरी कुजबुज झाली, माना हलल्या, लहान्याने नाही-नाही केलं आणि शेवटी तोही गप्प झाला. सोमी उठली. ती हळूहळू, एकेक पाऊल चाचपत कातळाकडे आली आणि पायथ्याशी थांबून जमिनीकडे नीट निरखून पाहिलं.

"बाय," ती म्हणाली, "पानी उतरला. ये खाली."

मी कातळावरून पाय सोडला. पण टेकवण्याआधी, अंगठ्याने जमीन ओली आहे का ते चाचपून पाहिलं.